बर्डीवरचं कॅसेट-टू-पेनड्राइव्ह: हात सोन्याचा, 'एचडी' मात्र नावापुरती

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीला, 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांत जुन्या कॅसेटा पेनड्राइव्हवर उतरवून देणारं एक चिंचोळं दुकान आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाच्या खंजिरी भजनांच्या सी-६० (तासाभराच्या) कॅसेटा तिथं दिल्या होत्या. एका कॅसेटचे १५० रुपये, 'एचडी' पाहिजे तर आणखी ५०.

टेपच्या कामात दुकानवाल्या काकांना तोड नाही. एकीची पट्टी तुटलेली होती, ती त्यांनी ब्लेडनं तिरपी कापून चिकटपट्टीनं अशी जोडली की जोड कुठं आहे ते वाजवताना कळत नाही. डेकचं हेड, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटनं पुसलं. मग कॅसेट वाजवत ठेवून, बारीक पेचकसानं हेडचा कोन कानानं जुळवला. हे कोण करते आजकाल? कोन जरासा चुकला तरी वरचा आवाज मरतो, आणि खंजिरीत तर सगळी गंमत तिच्या कडेच्या छोट्या झांजांचीच. दुकानातल्या स्पीकरवर त्या लख्ख वाजल्या.

घरी फाइल लावली तर त्याच झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या. फाइलवर मात्र ऐटीत '३२० केबीपीएस' (सेकंदाला किती डेटा, त्याचा आकडा; जास्त तितकं बरं). स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांचं चित्र काढून पाहिलं, तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज सुरीनं कापल्यासारखा थांबलेला. टेपची सरसर अशी कधी थांबत नाही. ३२० केबीपीएसची एमपी३ साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत जाते. १६ ला कापणं ही १२८ केबीपीएसची खूण.

काकांना दाखवलं. "काहून बाप्पा, ३२० लिहून आहे नं!" फसवायचा हेतू नव्हता. त्यांचं सॉफ्टवेअर कॅसेट थेट १२८ च्या एमपी३ मध्येच साठवते आणि 'एचडी' म्हणजे तीच फाइल पुन्हा ३२० मध्ये बदललेली. तासाभराची ५८ एमबीची फाइल १४४ एमबीची झाली, आवाज एक कणही परत आला नाही. उलट थोडा आणखी गेला: फाइल लहान करायला, जे कानाला कळणार नाही असं वाटते ते एमपी३ टाकून देते, आणि दुसऱ्यांदा बदलताना पहिल्या वेळची खरखरसुद्धा संगीत समजून सांभाळत बसते. त्यातून ती आवाजाचे छोटे तुकडे करून काम करते, म्हणून थापेसारखा एकदम उठणारा आवाज आला की त्याची चूक थापेच्या आधीच्या शांततेतही सांडते. आणि टेपची सरसर तर कॉम्प्रेशनला, म्हणजे फाइल अशी लहान करायला, सगळ्यात जड. बिट्स तीच खाते, झांजांच्या वाट्याला उरलंसुरलं.

काकांनी कुरकुर न करता सगळ्या कॅसेटा पुन्हा लावल्या, यावेळी थेट वेव्हमध्ये, म्हणजे काहीही न टाकता साठवणाऱ्या फाइलमध्ये: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, कॅसेटमागे ६०० एमबीच्या वर. ज्यादा पैसे घेतले नाहीत. घरी मी त्याची फ्लॅक नावाच्या प्रकारची फाइल केली. जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काही जात नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲपसाठीच्या एमपी३ त्या फ्लॅकमधून काढल्या. झांजा आता झांजांसारख्या वाजतात.

टेपच्या कामाला ५ पैकी ५, 'एचडी'ला शून्य. कॅसेट देतानाच "काका, सरळ वेव्ह द्या" म्हणायचं आणि ते ५० रुपये वाचवायचे. पेनड्राइव्ह मोठा आणि आपलाच न्या. गाडी नेऊ नका. मेट्रोच्या इंटरचेंजला उतरून पायी गेलेलं बरं.