तोंडाची जळजळ: रक्त तपासावं की लाळ?

शाहूपुरीतल्या एका काकूंची जीभ कित्येक महिने भाजल्यासारखी जळतेय. तांबडा रस्सा सुटलाच, आता साधी आमटीही झोंबते. तोंडात जखम नाही, चट्टा नाही. रक्त तपासू की लाळ, असं त्या विचारतात.

लाळ द्यायला सोपी, सुई नाही. पण आधी तासभर खाणं, चहा, ब्रश, मिश्री सगळं बंद. वेळही पाळावी लागते, कारण लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं.

खरा फरक उत्तरात आहे. रक्तातून बी१२, लोह, फॉलिक अ‍ॅसिड, साखर, थायरॉइड कळतं. काही बिघडलेलं निघालं तर उपचार लगेच सुरू करता येतात. लाळेतल्या कॉर्टिसॉल, अल्फा-अमायलेज (पिष्ट पचवणारं द्रव्य) अशा घटकांवर संशोधन चालू आहे, पण ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ (दिसणारं कारण नसताना तोंड जळत राहण्याचा आजार) आहेच असं ठामपणे सांगणारी लाळेची सर्वमान्य चाचणी अजून नाही. ते निदान इतर कारणं वगळूनच होतं. म्हणून लाळेच्या चाचणीनं ‘वेदनारहित निदान’ करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर कुणी पैसे घालवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

लाळेचं एक मोजमाप मात्र उपयोगाचं: काही न चघळता मिनिटाला साधारण ०.१ मिली किंवा त्याहून कमी लाळ सुटली, तर तोंड खरोखर कोरडं आहे.

काकूंनी आधी रक्तच तपासावं. तोंड कोरडं पडत असेल, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर लाळ मोजून घ्यावी. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड नीट उघडत नसेल, तर दोन्ही राहू द्या; आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.