पहिला सेफ्टी रेझर कुठला घ्यावा: तीन रेझर, एक तुरटी आणि माझा गळा

आधीच सांगतो, मी या विषयातला किडा वगैरे नाही. दीड वर्षापूर्वीपर्यंत मी साधा कार्ट्रिजवाला माणूस, तीन पात्यांचं कार्ट्रिज बोथट झालं तरी महिनाभर ओढायचो, कारण एक दीडशेच्या पुढे जातं आणि टाकायचं जिवावर येतं. त्याचं फळ गळ्यावर. कायम लाल पुरळ, कॉलर घासली की चुरचुर, हनुवटीखाली दोन-चार केस आत वळून बसलेले. शेवटी कंटाळून ठरवलं की बाबा करतात तशी दाढी करायची, सेफ्टी रेझरचं एक पातं, ब्रश, साबण. घरी म्हटलं की मी आता वेट शेव्हिंग सुरू करतोय तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "म्हणजे दाढीच ना? कोरडी कोण करतं रे?"

तर हा रिव्ह्यू खरं म्हणजे एका रेझरचा आहे, एडविन जॅगर डीई८९ चा, पण तिथपर्यंत पोचेपर्यंत विकत घेतलेले दोन रेझर वाया गेले आणि ते का गेले हे सांगितल्याशिवाय या तिसऱ्याचं कौतुक कळणार नाही.

सुरुवात अर्थात घरातल्या रेझरपासून. बाबांचा पितळी, तीन तुकड्यांचा, वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा, निकेल बोटांच्या जागी उडून खालचं पिवळं दिसतं. रविवारी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून, स्टीलच्या वाटीत गरम पाणी घेऊन त्यांची दाढी चालते आणि रेझरचा करकर करकर आवाज हॉलपर्यंत येतो. मी म्हटलं हाच वापरतो, फुकटात काम. दोन मिनिटांत डाव्या गालावर रक्त. मग ब्लेड लावून उजेडात धरून बघितलं तर एका बाजूला ब्लेडची कड केसभर जास्त बाहेर, कारण कधीतरी तो मोरीत पडून पट्टीचा कोपरा वाकलाय. बाबा म्हणाले, "हो, ती बाजू मी गालाला लावतच नाही, मिशीखाली वापरतो." तीस वर्षं वापरलेल्या रेझरशी माणूस असा संसार करतो, नवशिक्याला नाही जमणार. म्हणजे घरातला जुना रेझर हातात आला तर वापरा जरूर, पण आधी वरून उजेडात धरून दोन्ही कडा सारख्या दिसतात का ते बघा.

मग ऑनलाइन एक स्वस्तातला बटरफ्लाय घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. बटरफ्लाय म्हणजे दांड्याखालची कळ फिरवली की वरची दोन दारं खिडकीसारखी उघडतात, ब्लेड टाकायचं, उलटं फिरवायचं, बंद. नवीन माणसाला हे फार आवडतं कारण ब्लेडला हात लावावा लागत नाही. अडचण अशी की या प्रकारात हलणारे भाग जास्त, आणि स्वस्तात ते भाग एकमेकांना नीट बसत नाहीत. माझ्यातलं एक दार बंद झाल्यावरही डुगडुगायचं. मेहुणीच्या साखरपुड्याच्या सकाळी हनुवटीखाली असा कापला की गुरुजी आले तरी मी कापूस दाबून उभा, आणि फोटोत हनुवटीवर पांढरा ठिपका आहे तो अजून दाखवतात लोक. बटरफ्लाय वाईट असतात असं म्हणणं नाही, पार्करचा ९९आर हा चांगला जड बटरफ्लाय आहे आणि पार्करचे रेझर कंपनी अमेरिकन असली तरी बनतात आपल्याकडे भारतात, त्यामुळे बटरफ्लायच हवा असेल तर तसा घ्या. तीनशे रुपयांतला नको.

यानंतर घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि इथे खरी चूक केली, जी मला वाटतं बरेच जण करतात. सगळीकडे लिहिलेलं असतं की नवशिक्याने माइल्ड रेझर घ्यावा. मी सगळ्यात माइल्ड शोधून घेतला, एकदम हलका, ब्लेडची कड जवळपास दिसायचीच नाही. कापणं थांबलं हे खरं. पण केसही कापेनात ना! माझे केस राठ, दोन दिवसांची दाढी असली की हा रेझर नुसता फेस काढायचा आणि खुंट तिथेच. मग काय करतो माणूस, दाबतो. कार्ट्रिजची सवय असतेच दाबायची. एकाच जागी चार-चार वेळा फिरवतो. आणि पुरळ परत आली, आधीपेक्षा जास्त.

हे मला कळलं तुरटीमुळे. दाढी झाल्यावर ओल्या तोंडावर तुरटीचा खडा फिरवायचा ही गोष्ट आपल्याकडे सलूनमध्ये सगळ्यांनी अनुभवलीय, पण तुरटी नुसतं रक्त थांबवत नाही, ती तुमचा निकाल लावते. जिथे सोललंय तिथे झोंबते, जिथे नाही तिथे नुसती गार लागते. त्या माइल्ड रेझरनंतर गळ्याची डावी बाजू अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी, आणि एकही कट नसायचा. म्हणजे कापत नव्हतो, खरवडत होतो. तेव्हापासून मी रेझर चांगला की वाईट हे तुरटीवर ठरवतो, जाहिरातीवर नाही.

तर डीई८९. ही इंग्लंडातल्या शेफील्डची कंपनी, आणि याचं डोकं जर्मनीच्या म्यूले कंपनीच्या आर८९ सारखंच आहे, त्यामुळे दोघांपैकी जो स्वस्त मिळेल, ज्याचा दांडा आवडेल तो घ्या, दाढीत फरक पडत नाही. बाबांच्या रेझरसारखाच तीन तुकड्यांचा. यात बिघडण्यासारखं काही नाही, टोपीच्या खिळ्यांवर ब्लेड ठेवायचं, वरून पट्टी, दांडा आवळायचा, ब्लेड आपोआप कमानीसारखं वाकून दोन्ही बाजूंना सारखं बसतं. पट्टीची कड सरळ आहे, कंगव्यासारखे दात नाहीत. दातवाले म्हणजे ओपन कोम्ब (उघडा कंगवा), ते वाढलेल्या दाढीला बरे, पण त्यात म्यूलेचाच आर४१ म्हणून एक आहे जो आक्रमकपणासाठी, म्हणजे ब्लेड जास्त बाहेर असण्यासाठी, प्रसिद्ध आहे आणि नाव इतकं जवळचं असल्यामुळे ऑर्डर करताना आर८९ च्या जागी तो कार्टमध्ये जाऊ शकतो. दोनदा बघून पैसे भरा.

पहिल्याच दाढीला जाणवलं ते वजन. हातात भरतो. गालावर ठेवला की स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, तुम्ही फक्त दिशा द्यायची. त्या हलक्या रेझरला हेच जमत नव्हतं, त्याचं वजन मला माझ्या मनगटातून द्यावं लागायचं. आणि ब्लेड इतपत बाहेर आहे की राठ खुंट एका फेरीत जातो. पहिल्या दिवशी दोन बारीक ठिपके आले ओठाखाली, ते माझे, रेझरचे नाहीत. तुरटी फिरवली, उजवा गाल गार, डावा गाल गार, गळ्यावर थोडी चुरचुर. तीन आठवड्यांनी गळाही गार.

मर्कुर ३४सी चं विचाराल कारण सगळे तोच सांगतात. ऑफिसातल्या मित्राकडे आहे, आठवडाभर आणला होता (ब्लेड आपापलं, डोकं डेटॉलने धुऊन, उगाच कमेंट नकोत). जर्मन, झोलिंगेनचा, सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेलं गाव ते. दोनच तुकडे, दांडा आखूड आणि जाड, वजन पंचाहत्तर ग्रॅमच्या पुढे. दाढी डीई८९ च्या तोडीस तोड, थोडी जास्तच गुळगुळीत म्हणेन. पण माझे हात मोठे आणि दांडा आठ सेंटीमीटरच्या आसपास, साबणाच्या बोटांनी दोनदा निसटता निसटता वाचला. लहान हात असतील तर डोळे मिटून ३४सी. मला लांब दांडा हवा.

डीई८९ मध्ये खटकणारं काय? डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं आहे, वर क्रोमचा मुलामा. दिसतो झकास पण हे पितळ नाही आणि स्टेनलेस स्टील तर नाहीच. मुलामा गेला की आतला धातू खराब होतो, आणि टोपीचा स्क्रू हा या धातूचा नाजूक भाग, फरशीवर पडला तर तुटू शकतो, म्हणून पान्याने नट आवळल्यासारखा आवळू नका, बोटांनी घट्ट झाला की बास. बाबांचा पितळी तीस वर्षं मोरीत पडतोय आणि नुसता वाकलाय. माझा तीस वर्षं जाईल याची मला खात्री नाही. दुसरं म्हणजे साध्या चकचकीत दांड्याला पकड कमी, रेघा कोरलेला दांडा मिळत असेल तर तो घ्या. किंमत कमी नाही, तीनेक हजार गेले माझे, पण त्यानंतरचा खर्च ब्लेडचा, आणि तो जवळजवळ नाहीच.

ब्लेडवर थोडं बोलायलाच हवं कारण रेझरला शिव्या पडतात त्यातल्या निम्म्या ब्लेडच्या असतात. आपल्या देशात ब्लेडची चैन आहे. किराणा दुकानात सेव्हन ओ'क्लॉक मिळतं, टोपाझ मिळतं, लेझर मिळतं, सुपरमॅक्स तर ठाण्याचं. पाचचं पाकीट वीस-तीस रुपयांच्या घरात. एक ब्लेड मी चार-पाच दाढ्या वापरतो. जपानी फेदर सगळे डोक्यावर घेतात, धार खरंच भयंकर आहे, आणि म्हणूनच पहिल्या महिन्यात नको. मी काळ्या पाकिटातलं सेव्हन ओ'क्लॉक धरलं आणि तेच ठेवलं. सुरुवातीला दर आठवड्याला ब्लेडही बदललं, साबणही बदलला, रेझरही बदलला की झोंबतंय ते कशामुळे हे कळायचं कसं? ब्लेड टॉवेलने पुसू नका, नुसतं झटकून ठेवा.

अजून एक, ज्याबद्दल परदेशी व्हिडिओवाले आपल्या उपयोगाचं फारसं बोलत नाहीत, ते म्हणजे पाणी. आमच्या सोसायटीत मार्चनंतर टँकर आणि बोअर. त्या पाण्यात साबणाचा फेस होतच नाही, नुसता साय धरल्यासारखा पांढरा थर येतो आणि अर्ध्या मिनिटात वाळतो. मी महिनाभर ब्रशला दोष देत होतो. मग एक दिवस फिल्टरचं पाणी अर्धी वाटी घेतलं आणि तोच ब्रश, तीच चाळीस-पन्नास रुपयांची क्रीम, असा फेस आला की दह्यासारखा वाटीत उभा. आता फेसापुरतं पिण्याचं पाणी आणि धुवायला नळाचं. बायको म्हणते दाढीला आरओ लागतो याला. लागतो.

धरायचं कसं याचं मोठं शास्त्र करतात. टोपी गालाला टेकवा, दांडा आडवा, मग हळूहळू दांडा खाली आणत जा आणि ज्या क्षणी केस कापल्याचा आवाज येईल तिथे थांबा. तो तुमचा कोन, तीस अंशाच्या आसपास. हात हलवायचा, मनगट नाही. आणि केस कुठल्या दिशेने वाढतात ते आधी बोट फिरवून बघा, माझे गळ्यावर डावीकडे आडवे वाढतात हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी तिथे उलटा हात मारत होतो आणि पुरळ का येते म्हणून क्रीम लावत होतो. सलूनवाला निदान विचारतो तरी, उलटी मारू का म्हणून.

या सगळ्याचा जनक किंग कॅम्प जिलेट, त्याला पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे धंद्याच्या पहिल्या वर्षी, विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. फक्त! मी एकट्याने पहिल्या वर्षात तीन रेझर घेतले असते तर त्याच्या खपाचे सहा टक्के झाले असते.

कोणी घेऊ नये? सकाळी सात मिनिटांत दाढी उरकून लोकल पकडायची असेल तर आत्ता नका घेऊ, पहिला महिना वीस मिनिटं लागतात. रविवारपासून सुरू करा. पिंपल्स भरात असतील तरी थांबा. आणि विमानाने जाताना हँडबॅगेत ब्लेड ठेवू नका, काढून घेतात.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात मोकळी टाकू नका, कचरा उचलणाऱ्यांचे हात असतात तिथे. मी मिल्कमेडच्या डब्याला वरून चीर पाडलीय, दीड वर्षात तळ पण झाकला नाही.

गेल्या महिन्यात बाबांना म्हटलं एकदा माझा वापरून बघा. खिडकीच्या गजाला आरसा, वाटीत गरम पाणी, सगळं त्यांच्या पद्धतीने. झाल्यावर गालावरून हात फिरवला, म्हणाले छान आहे, वजन चांगलं आहे. "पण आवाज नाही येत रे याचा." पुढच्या रविवारी परत हॉलपर्यंत करकर ऐकू आली.