अटलांटाचं कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम: आधी तिसरा मजला गाठा

सेंटेनियल ऑलिम्पिक पार्कजवळच्या, कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या या संग्रहालयात शिरल्या शिरल्या हेल्मेटांची भिंत पाय धरून ठेवते. तीन मजली उंच भिंत, तिच्यावर ७०० हून अधिक कॉलेजांची हेल्मेटं! प्रवेशपासावर आपली टीम नोंदवली की भिंतीवर तिचं हेल्मेट उजळतं. पासात चिप आहे, त्यामुळे पुढचे पडदेही त्याच टीमची माहिती दाखवतात. म्हणून नोंदणी घाईत उरकू नका. मायामी नावाची दोन विद्यापीठं आहेत, एक फ्लोरिडातलं आणि एक ओहायोतलं. इथे चूक झाली तर पडद्यांवर भलतीच टीम दिसत राहते.

भिंत पाहून झाली की आतल्या खेळायच्या मैदानाकडे न वळता थेट वर जा. ज्या खेळाडूंच्या सन्मानासाठी ही वास्तू आहे, ते तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि तिथे डोकं ताजं लागतं.

वर जाताना एक फरक लक्षात असू द्या. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा वार्षिक पुरस्कार, एका हंगामाच्या खेळावर मिळते. हॉल ऑफ फेमचा निकष वेगळा आणि, आमच्या मते, अधिक कसाचा आहे. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने मान्य केलेल्या निवडकर्त्यांपैकी एकाच्या तरी ऑल-अमेरिका (देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या) पहिल्या संघात खेळाडूचं नाव आलेलं हवं, कॉलेजचा शेवटचा हंगाम होऊन १० वर्षं उलटलेली हवीत आणि तो व्यावसायिक फुटबॉल खेळत नसावा. मैदानाबाहेरचं वागणंही विचारात घेतात. प्रसिद्ध खेळाडू जो मोंटाना इथे का सापडत नाही, याचं उत्तर पहिल्याच अटीत आहे. चार सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने) जिंकलेला हा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) नोटर डेम विद्यापीठाकडून खेळताना त्या पहिल्या संघात कधीच आला नाही. व्यावसायिक कीर्तीला इथे वजन नाही, आणि ते योग्यच आहे.

नावं शोधताना गफलत होते ती वर्षांची. खेळाडू ज्या वर्षी खेळला ते वर्ष वेगळं, हॉलमध्ये दाखल झाला ते वेगळं. जे बर्वांगरला पहिली हाइझमन १९३५ साली मिळाली, हॉलमध्ये तो १९५४ साली आला. ओहायो स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आर्ची ग्रिफिन १९७४ आणि १९७५ असा दोनदा हाइझमन विजेता. त्याचं दाखल वर्ष १९८६. घरून निघताना दहा-बारा नावं दाखल वर्षांसह लिहून न्या.

ज्यांच्या नावाची ही ट्रॉफी आहे ते खुद्द जॉन हाइझमन प्रशिक्षक म्हणून दाखल आहेत, त्यामुळे खेळाडूंमध्ये त्यांना शोधू नका. १९१६ साली याच शहरात त्यांच्या जॉर्जिया टेक कॉलेजच्या संघानं कंबरलंड कॉलेजला २२२-० असं हरवलं होतं. अटलांटात उभं राहून त्यांचं नाव वाचण्यात वेगळीच मजा आहे.

मैदान शेवटी ठेवा. ४५ यार्ड लांबीच्या या बंदिस्त मैदानावर चेंडू फेकता येतो, गोलखांबांमधून किक मारून पाहता येते. खेळाचे बूट घालून जा. चपलेत किक जमत नाही. खासगी कार्यक्रम असला तर मैदान बंद असू शकतं, तेव्हा मुलं बरोबर असतील तर तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची चौकशी करा.