सुटे जीपीएस नॅव्हिगेटर: दोन उपकरणं काही महिने वापरल्यावर

गाडीत लावायचे दोन नॅव्हिगेटर गेले काही महिने मी आलटून पालटून वापरतोय. एक जुना, पाच इंची, जरा दाबावा लागणाऱ्या रेझिस्टिव्ह स्क्रीनचा. दुसरा नवा, सात इंची, मोबाइलसारखा हलक्या स्पर्शावर चालणारा. माझं मत आधीच सांगतो: स्क्रीनच्या आकारावर जाऊ नका, वळणाची सूचना किती आधी मिळते ते बघा.

ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते. ‘200 मीटरवर डावीकडे’ हे ऐकल्यावर आपल्या हाती जेमतेम नऊ सेकंद असतात. तेवढ्यात आरसा बघायचा, इंडिकेटर द्यायचा, लेन बदलायची. जुना नॅव्हिगेटर मोठ्या रस्त्यावर बऱ्याचदा इतक्या उशिरा बोलतो. नवा दोन किलोमीटर आधी, मग पुन्हा जवळ आल्यावर सांगतो आणि कोणत्या लेनमध्ये राहायचं तेही बाणाने दाखवतो. अनोळखी जंक्शनवर हा फरक फार मोठा आहे, माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

सिग्नल पकडण्यातही फरक जाणवला. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. नवा जीपीएससोबत रशियाच्या ग्लोनास आणि युरोपच्या गॅलिलिओ या यंत्रणांचेही उपग्रह वापरतो, त्यामुळे उंच इमारतींच्या गल्लीत थोडंसंच आकाश दिसत असलं तरी तो लवकर सावरतो. भिंतींवर आपटून आलेल्या सिग्नलने मात्र दोघंही फसतात. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांतही दोघांचा गोंधळ होतो, तिथे पाटीवरच विश्वास ठेवा. बरेच दिवस बंद असलेलं उपकरण सुरू केलं की उपग्रहांच्या कक्षांची माहिती नव्याने घ्यावी लागते, म्हणून निघण्याआधी एक-दोन मिनिटं मोकळ्या आकाशाखाली थांबणं बरं. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. तो सिग्नलही अडवतो, तेव्हा गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहून जागा निवडा.

जुन्याची एक गोष्ट मला खरंच आवडते: हातमोजे घालूनही त्याचा स्क्रीन चालतो. उन्हात मात्र तो नीट दिसत नाही. बॅटरी दोघांचीही तासाभराचीच, त्यामुळे चार्जरची वायर कायम लावलेली असते.

मोबाइल असताना हे कशाला? नकाशे उपकरणातच असतात, नेटवर्क गेलं तरी रस्ता सापडतो, फोन तापत नाही आणि कॉल आला म्हणून नकाशा झाकला जात नाही. ताजी वाहतूक कोंडी कळायला मात्र माझ्या नव्या नॅव्हिगेटरला फोन जोडावाच लागतो.

सेकंडहँड घेणार असाल तर नकाशे अजून अपडेट होतात का, ते आधी तपासा. जीपीएस तारीख ठरवायला आठवडे मोजतो आणि हा आकडा 1024 ला पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल 2019 मध्ये तसं झालं, आणि फर्मवेअरचं (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट न मिळालेली काही जुनी उपकरणं तेव्हापासून तारीख-वेळ चुकीची दाखवतात. नकाशांची फाइल काही जीबींची असते, म्हणून मेमरी कार्डाची जागा आहे ना, तेही बघून घ्या.