ओझ्यासाठी जनावर घ्यायचंय: गाढव, खेचर की तट्टू?

वीटभट्टी, डोंगरावरचं बांधकाम, टेम्पो वळत नाही अशा बोळातली वाळू-खडी. अशा कामांसाठी जनावर घ्यायचं ठरलं की हे तीन पर्याय समोर येतात. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी गाढव घ्यावं, आणि एक नाही, दोन घ्यावीत.

नुसत्या ओझ्याचा विचार केला तर खेचर पुढे आहे, यात वाद नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यात पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा गाढवाला ५० किलो, तट्टूला ७० आणि खेचराला २०० किलो आहे. वीट अडीच-तीन किलोची धरली तर गाढवाच्या पाठीवर सोळा ते वीस विटा, त्यापुढे एकही नाही. भट्टीवर याच्या दीडपट-दुप्पट लादलेली गाढवं दिसतात. ते बघून तुमचा हिशेब मांडू नका. याच नियमांनुसार दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, सलग पाच तासांवर न्यायचं नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर सावलीतच ठेवायचं.

पण रोजच्या कामात ओझ्याइतकाच स्वभाव महत्त्वाचा असतो, आणि तिथे गाढवाची खरी किंमत कळते. तट्टू म्हणजे घोडाच. मोकळ्या माळावर कळपाने राहणारं जनावर, त्यामुळे काही बिचकण्यासारखं दिसलं की आधी पळतं. पाठीवर खडी असताना ते उधळलं तर माल जातो आणि माणूसही जखमी होतो. गाढवाचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेतल्या खडकाळ वाळवंटातले. तिथे न बघता धावणाऱ्याचा पाय मोडणार, म्हणून गाढव शंका आली की थांबतं. चरावर नवी फळी टाकलेली असू द्या. गाढव तिच्यापाशी उभं राहतं, मान खाली घालतं, दोन्ही कान पुढे करून फळी हुंगतं, एक खूर ठेवून बघतं आणि मगच वजन टाकतं. या वेळी दोरी ओढली की ते मागे रेटतं, काठी मारली की फळी आणि मार यांची सांगड त्याच्या डोक्यात कायमची बसते. जुन्या, सरावलेल्या गाढवाला पुढे काढा, बाकीची आपसूक मागे येतात. याला हट्ट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कड्याच्या वाटेवर हाच सावधपणा तुमचा माल वाचवतो.

दुसरा गुण वाट लक्षात ठेवण्याचा. खड्ड्यापासून भट्टीपर्यंतच्या फेऱ्या अंगवळणी पडल्या की गाढवं माणसाशिवाय ये-जा करतात. भरायला एक आणि उतरवायला एक माणूस पुरतो, हाकणाऱ्याची मजुरी वाचते. खेचरही हुशार असतं, त्यात बापाचा, म्हणजे गाढवाचा, शहाणपणा उतरलेला असतो, पण ते अंगाने दांडगं असल्यामुळे बिथरलं तर नवख्याला आवरत नाही.

चाऱ्यात गाढवासारखं काटकसरी जनावर नाही. कडबा, भुसा, बांधावरचं वाळलं गवत यावर ते तब्येत राखतं. तट्टूला कामाच्या दिवसांत दाणा लागतो. गाढवाला उलट पेंडीचा मारा केला तर चरबी चढते आणि ती घातक ठरते. पाणी मात्र स्वच्छ हवं. घाण पाण्याला ते तहानेतही तोंड लावायला कुरकुरतं.

दोन गाढवं का, तर गाढव जोडीदाराला घट्ट धरून असतं. सोबती विकला किंवा मेला की काही गाढवं चारा सोडतात. जाड गाढव, त्यातही गाभण गाढवी, चार दिवस नीट खाल्लं नाही तर अंगातली चरबी रक्तात उतरून दगावू शकते. बाजारात एकत्र बांधलेली, एकमेकांची मान खाजवणारी जोडी दिसली तर तीच घ्या.

खेचराला पिल्लू होत नाही, त्यामुळे दर वेळी नवं विकत आणावं लागतं, आणि त्याचा मोठा बाजार उत्तरेत आहे. गाढवी साधारण वर्षभराने विते, शिंगरू तुमच्याच दावणीला वाढतं.

आता उणी बाजू. गाढवाचे केस पाऊस झटकत नाहीत, ते भिजून गारठतं आणि ओल्या जागेत खूर सडतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर कोरडा गोठा नसेल तर घेऊ नका. लांब पल्ला आणि जड माल असेल तर खेचरच बरं, सवारीही करायची असेल तर तट्टू. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गाढव दुखणं दाखवत नाही. पोट दुखलं की घोडा लोळतो, पाय झाडतो. गाढव फक्त मान खाली घालून उभं राहतं. एक वेळचा चारा तसाच राहिला तरी डॉक्टरांना बोलवा. रोज संध्याकाळी गादी काढून पाठीवर हात फिरवा, खुरांतले खडे काढा.

खरेदीसाठी पौष पौर्णिमेचा जेजुरीचा बाजार किंवा फाल्गुनातली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीची यात्रा. तिथे सौराष्ट्रातली पांढुरकी, उंच काठेवाडी गाढवं येतात आणि गावठीपेक्षा महाग जातात. विटा-वाळूला गावठी पुरेसं आहे. ठेंगणं असल्याने भरायलाही सोपं पडतं. देशात २०१२ च्या पशुगणनेत तीन लाखांवर असलेली गाढवं २०१९ ला सव्वा लाखाच्या आसपास उरली, त्यामुळे चांगल्या जनावरासाठी बाजार उघडताच पोचा. वयासाठी दात सगळेच बघतात. तुम्ही पाठीवरचे जुने पांढरे व्रण बघा, ओझं नसताना कठीण जमिनीवर चालवून बघा. नाकातून घट्ट शेंबूड किंवा अंगावर गाठी असतील तर ग्लँडर्सची शंका धरा. तो रोग माणसालाही होतो. सौदा पक्का करण्याआधी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, आणि घरी आणल्यावर धनुर्वाताची लस द्या.