श्वानांची जुनी गाठ आणि डेव्हिलची नवी गाठ

जिवंत पेशींच्या रूपाने एका प्राण्यातून दुसऱ्यात पसरणारे कर्करोग फार थोडे आहेत. त्यांपैकी कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच श्वानाच्या पेशींपासून चालत आली असून, काही महिने वाढल्यानंतर निरोगी कुत्र्याची प्रतिकारशक्ती तिला पुष्कळदा ओसरायला लावते. यजमान कुत्रा जगतो आणि तोवर गाठ पुढे गेलेली असते.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी, पिशवीधारी प्राण्याच्या चेहऱ्यावरील गाठ मात्र १९९६ मध्ये प्रथम दिसली. चाव्यातून पसरणारी ही गाठ पेशींवरील ओळख पटवणारी प्रथिने जवळजवळ दडवून ठेवते, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तिचे परकेपण कळत नाही आणि बहुतेक बाधित प्राणी दगावतात. तरीही अवघ्या काही पिढ्यांत डेव्हिलच्या जनुकांत नैसर्गिक निवडीच्या खुणा आढळल्या आणि मोजक्या प्राण्यांत गाठ आपोआप विरलीही. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, अनेक माद्या दुसऱ्याऐवजी पहिल्याच वर्षी प्रजनन करू लागल्या. हा बदल रोगाला रोखत नाही, फक्त मृत्यूच्या आधी पुढची पिढी जन्माला घालतो. श्वानांमध्ये साधलेला तोल येथे अजून दूर आहे, कारण २०१४ मध्ये त्याच बेटावर स्वतंत्र उगमाची दुसरी गाठ सापडली.