शैक्षणिक कर्जाची ‘सेटलमेंट’ करून देणारं जंगली महाराज रस्त्यावरचं ऑफिस : ५ पैकी २ तारे

धाकट्या भावाचं शैक्षणिक कर्ज थकलंय, म्हणून आम्ही दोघं या ऑफिसात गेलो होतो. सेटलमेंट म्हणजे बँकेशी बोलून बाकीपेक्षा कमी रक्कम भरायची आणि कर्ज मिटवायचं. नाव लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही ऑफिसची पायरी चढणाऱ्याच्या उपयोगी पडावं, एवढंच.

आधी चांगलं सांगते. दिलेली वेळ पाळतात. रविवारी उघडं असतं, माझ्यासारख्या शिफ्ट ड्यूटीवाल्या नर्सला ही मोठीच सोय. वसुलीवाल्यांचे फोन घेऊन घेऊन भाऊ पार खचला होता. काउंटरवरच्या मुलीनं त्याला आधी पाणी दिलं, मग कागद मागितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हे आम्हाला तिथंच कळलं. तक्रारीचा मसुदाही त्यांनी लगेच काढून दिला आणि रात्रीचे फोन खरंच थांबले. दोन्ही तारे या कामाचे. सल्ल्याची फी १,५०० रुपये, तीही मला जास्त वाटली नाही.

पुढचं मात्र पटलं नाही.

भाऊ दिवसा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षांची तयारी करतो आणि रात्री कॅब चालवतो. सल्लागारांनी हे ऐकलं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवून एक क्लिप लावली. अमेरिकेत कर्ज थकवलं की लायसन्स जातं, आता आपल्याकडेही तेच येतंय, बँक आरटीओला कळवणार, लवकर सेटलमेंट करून टाका. भावाचा हात शर्टाच्या खिशावर गेला, लायसन्सचं कार्ड तिथंच असतं. मला हळूच म्हणाला, “ताई, गाडीच बंद झाली तर हप्ता भरायचा कशातून?”

हाच प्रश्न अमेरिकेतल्या लोकांनीही विचारला होता, हे मी घरी येऊन वाचलं. तिथं काही राज्यांत असे कायदे होते, ही गोष्ट खरी आहे. २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं शोध घेतला तेव्हा १९ राज्यांत थकबाकीदाराचा व्यवसायाचा परवाना काढून घेता येत होता. नर्स, शिक्षक, केस कापणारे, सगळे त्यात आले. एकट्या टेनेसीत पाच वर्षांत पाच हजारांवर लोकांवर ही कारवाई झाली होती. साउथ डकोटात तर ड्रायव्हिंग लायसन्सच अडवत होते. कर्ज थकलं म्हणून एखाद्या नर्सचं रजिस्ट्रेशन काढून घ्यायचं, हे वाचताना मला माझ्या नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटची आठवण झाली आणि पोटात गोळा आला. ज्या कामातून पैसे यायचे तेच बंद केलं, तर कर्ज फिटणार कसं? हे तिथल्या राज्यांनाही पटत गेलं. मोंटानानं लायसन्सचा नियम २०१५ मध्येच काढला, २०१९ मध्ये टेक्सासनंही आपला कायदा बदलला. म्हणजे जी गोष्ट तिथं मागे घेतली जातेय, ती इथं येऊ घातलीय असं सांगून आम्हाला घाबरवत होते. आपल्याकडे लायसन्स कशासाठी काढून घेता येतं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय. दारू, धोकादायक गाडी चालवणं, फसवून मिळवलेलं लायसन्स अशी कारणं आहेत त्यात. शैक्षणिक कर्ज त्यात नाही.

भावाला धोका होता तो नोकरीचा, आणि त्याबद्दल सल्लागार एक अक्षर बोलले नाहीत. बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत रुजू होताना कर्जाचा इतिहास चांगला हवा, अशी अट असते. स्टेट बँकेनं सिबिल रिपोर्ट (कर्ज कसं फेडलं याची नोंद) खराब म्हणून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती रद्द करणं योग्य ठरवलं. सेटलमेंट केली की सिबिलमध्ये खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. बँकेनं काही रक्कम सोडून दिली, असा त्याचा अर्थ. पूर्ण फेडलेल्या कर्जाचा ‘क्लोज्ड’ शेरा वेगळा. बँकेत नोकरी शोधणाऱ्या मुलाला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला नको? वडील सहकर्जदार आहेत, म्हणजे तो शेरा त्यांच्याही नावावर पडला असता.

करार मी घरी नेऊन वाचला. वाचवून दिलेल्या रकमेच्या १५ टक्के फी, हे पहिल्या पानावर ठळक. ‘क्रेडिट स्कोअरवरील परिणामांस संस्था जबाबदार राहणार नाही’ हे चौथ्या पानावर तळाला, बारीक अक्षरात. आम्ही सही केली नाही.

मग सरळ शाखेत गेलो. मॅनेजरसाहेबांनी स्टेटमेंट काढून दोन आकड्यांवर पेनानं गोल केले. एकूण बाकी ४ लाख ३५ हजार, आणि थकलेले हप्ते व्याजासकट ७८ हजार. खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, झालं असलं तरी ही पूर्ण थकबाकी भरली की ते पुन्हा नियमित होतं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. ऑफिसात आमच्यासमोर सतत पहिलाच आकडा नाचवला होता. दुसरा कुणी उच्चारलासुद्धा नाही. आईची भिशी लागली, माझी आरडी मोडली आणि ७८ हजार भरून टाकले. उशिरा भरलेल्या हप्त्यांची नोंद रिपोर्टमध्ये काही काळ राहणारच आहे, पण खातं चालू आहे आणि ‘सेटल्ड’चा शेरा नाही.

नोकरीची आशाच नाही, कमाई पूर्ण थांबलीय, अशा माणसाला सेटलमेंट हा मार्ग असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण तो डोळे उघडे ठेवून निवडता यावा.

ऑफिसला मी लेखी कळवलंय : पहिल्याच भेटीत थकबाकी आणि एकूण बाकी हे दोन आकडे वेगवेगळे लिहून द्या, ‘सेटल्ड’ शेऱ्याचं कलम पहिल्या पानावर आणा आणि लायसन्सची ती क्लिप दाखवणं बंद करा. अजून उत्तर आलेलं नाही. आलं आणि तसं केलं, तर तारे वाढवीन.